तुंबलेली नाली आणि पाण्याचा हरवलेला वेग

१. मोटारीचं पाणी का पुरत नाही?

नांदगाव पेठेत काय किंवा वऱ्हाडातल्या कुठल्याही मोठ्या गावात काय, दाबाच्या पाण्यानं नाल्या साफ करणारी जेटिंगची गाडी आली की बघायला चार माणसं जमतात आणि त्यातला एखादा शेतकरी हमखास विचारतो, “माझ्या विहिरीवर पाच एचपीची मोटार आहे. अडीच इंची पाईपातून पाणी असं धो-धो पडते. मग तोच पाईप नालीत घातला तर नाली मोकळी का होत नाही? या गाडीची नळी तर अंगठ्यापेक्षा जराशीच जाड आहे!”

प्रश्न अगदी रास्त आहे. अनेकांनी हे करूनही पाहिलेलं असतं. पाईप नालीत सोडला, मोटार सुरू केली, आणि दोन मिनिटांत सगळं घाण पाणी उलटं अंगणात. तुंबलेलं जिथल्या तिथेच. गाडी मात्र तेच काम पाऊण तासात करून जाते, आणि तेही मोटारीच्या निम्म्याहून कमी पाण्यात.

म्हणजे पाणी किती आहे यावर सगळं ठरत नाही. ते पाणी किती वेगानं कुठे आदळतं, हे बघावं लागतं. त्यासाठी आधी नाली तुंबते म्हणजे नेमकं काय होतं ते समजून घेऊ.

२. नाली तुंबते कशी?

सांडपाणी एकटं कधीच वाहत नाही. त्याच्यासोबत माती, राख, तेल, केस, भाताची शितं, कपड्यांचे तंतू असं सगळं असतं. पाणी पुरेशा वेगानं वाहत असेल तर हे सगळं तरंगत, लोळत पुढे जातं. वेग कमी झाला की जड वस्तू आधी खाली बसतात. पावसाळ्यानंतर नदीच्या वळणावर रेती साचलेली दिसते, तोच प्रकार. वळणाच्या आतल्या बाजूला पाणी मंदावतं आणि रेती तिथेच टाकून पुढे जातं.

नाली बांधणारे इंजिनिअर म्हणूनच एक आकडा मनात धरून चालतात. सांडपाण्याचा वेग दिवसातून एकदा तरी, म्हणजे सकाळच्या गर्दीच्या वेळी, सेकंदाला निदान ६० सेंटिमीटर व्हायला हवा. तेवढा वेग मिळाला तर पाईप आपला आपण धुतला जातो. हा वेग उतारातून मिळतो. जुन्या प्लंबरांचा हिशेब सोपा आहे: चार इंची पाईपाला चाळीसात एक, सहा इंचीला साठात एक. म्हणजे चार इंची पाईप दहा मीटर लांब असेल तर त्याचं दुसरं टोक २५ सेंटिमीटर, साधारण वीतभराहून जरा जास्त, खाली असायला हवं. घर बांधताना हा उतार डोळ्याच्या अंदाजानं दिला, की पुढची वीस वर्षं ती नाली त्रास देते. लेव्हल-ट्यूबमध्ये पाणी भरून उतार मोजायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं वाचवलेली किती घरं आपल्याकडे असतील!

गावात आणखी एक गोष्ट घडते. नाली बहुतेक ठिकाणी उघडी असते, पण रस्ता ओलांडताना किंवा कुणाच्या दारासमोरून जाताना ती सिमेंटच्या पाईपात किंवा फरशीखाली शिरते. उघड्या भागात साचलेलं फावड्यानं काढता येतं. फरशीखालचं दिसतही नाही आणि हातालाही येत नाही. तुंबण्याची सुरुवात नेमकी तिथून होते.

मग येतं तेल. आपल्या गोळाभातावर गरम तेल घ्यायची पद्धत आहे, भाजीला तर्री लागते, लग्नाच्या पंगतीनंतर कढया घासल्या जातात. कढत पाण्यासोबत गेलेलं तेल-तूप पाईपात गार होतं आणि भिंतीला चिकटतं. वनस्पती तुपासारखे गोठणारे पदार्थ असतील तर लवकर चिकटतात. आपल्या बोअरच्या जड पाण्यात चुनखडीचा अंश, म्हणजे कॅल्शियम असतं. तेलातली आम्लं आणि हे कॅल्शियम एकत्र आलं की पाण्यात न विरघळणारा, पांढुरका, खडूसारखा कडक साबण तयार होतो. त्याला माती चिकटते, केस गुंडाळतात. आणि एखादी खर्ऱ्याची पन्नी येऊन आडवी बसली की बाकी सगळं तिच्यामागे रांगेनं थांबतं. आपल्या भागातल्या नाल्यांमधून जे निघतं, त्यात या पन्न्यांचा भाग मोठा असतो. चिमूटभर आकाराचं ते प्लास्टिक, पण मऊ असल्यामुळे पाईपाच्या सांध्याला बरोबर घट्ट बसतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या भुयारी गटारात असाच चरबीचा नि ओल्या वाइप्सचा गोळा सापडला होता. लांबी २५० मीटर, वजन १३० टन. तो काढायला कित्येक आठवडे लागले, आणि हत्यारांपैकी एक होतं जोरदार दाबाचं पाणी.

थोडक्यात, नाली तुंबली म्हणजे पाण्याचा वेग हरवला. जेटिंग मशीन तो वेग बाहेरून आणून देतं.

३. शंभर बार म्हणजे किती?

गाडीवरच्या मीटरवर ‘बार’ असा शब्द दिसतो. हे दाब मोजायचं माप. पाण्याच्या टाकीनं ते सहज समजतं. टाकी जमिनीपासून दहा मीटर उंच असेल, तर खालच्या नळाला जो दाब मिळतो तो साधारण एक बार. वीस मीटर उंच टाकी, दोन बार. विहिरीची आपली पाच एचपीची मोटार पाणी साधारण पंचवीस मीटर चढवते, म्हणजे अडीच बार.

नाल्या साफ करणारी गाडी सहसा १०० बारच्या आसपास काम करते, काही गाड्या दीडशेच्याही पुढे जातात. आता चिखलदरा डोळ्यांसमोर आणा. समुद्रसपाटीपासून ते सुमारे १,१०० मीटर उंच आहे. समजा तिथे एक टाकी बांधली आणि तिची नळी थेट समुद्राच्या पातळीपर्यंत सरळ खाली सोडली. त्या नळीच्या तळाशी जो दाब असेल, तो ११० बार. मेळघाटाचा अख्खा डोंगर उतरून आल्याचा जोर त्या गाडीतला पंप अंगठ्याएवढ्या नळीत भरत असतो.

मनात सहज मावेल असं दुसरं माप शेतमालाचं. १०० बार म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर, करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, सुमारे एक क्विंटलचा भार. तुरीचं भरलेलं मोठं पोतं नखाच्या टोकावर उभं केलं आहे, असं समजा.

आता वेग. दाबाखालचं पाणी छोट्या छिद्रातून सुटलं की दाबाचं रूपांतर वेगात होतं. अडीच इंची पाईपातून मोटारीचं पाणी सेकंदाला जेमतेम अडीच मीटर वेगानं पडतं, म्हणजे तासाला नऊ किलोमीटर, सायकलवर निवांत जाणाऱ्याच्या चालीनं. १०० बारच्या दाबाखालचं पाणी छिद्रातून बाहेर येतं ते सेकंदाला सुमारे १४० मीटर वेगानं. तासाला पाचशे किलोमीटर.

शेतकऱ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. त्याच्या मोटारीकडे पाणी भरपूर आहे, पण चाल सायकलची आहे.

४. मोटार थांबते, पिचकारी थांबत नाही

मग मोटारीच्या पाईपाच्या तोंडावर बोट ठेवून छिद्र लहान केलं तर? पाणी लांब उडतं हे खरं, पण एका मर्यादेपर्यंतच. याचं कारण पंपाच्या पोटात आहे.

विहिरीवरची मोटार आत एक पंखा फिरवते आणि पाण्याला बाहेर भिरकावते. ताक घुसळताना रवी जोरात फिरवली की ताक मडक्याच्या कडेला चढतं, तसं. पण पुढचा रस्ता बंद केला तर पंखा त्याच पाण्यात नुसता फिरत राहतो. दाब ठरलेल्या उंचीपुढे वाढत नाही.

जेटिंग मशीनचा पंप वेगळ्या जातीचा असतो. त्यात सहसा तीन दांडे असतात, त्यांना प्लंजर म्हणतात. प्लंजर मागे गेला की पाणी आत येतं, पुढे आला की तेवढं पाणी बाहेर जायलाच हवं. रंगपंचमीची पिचकारी किंवा इंजेक्शनची सिरिंज आठवा. सिरिंजची सुई जितकी बारीक तितका अंगठा जोरात दाबावा लागतो, पण दट्ट्या सरकला तर औषध बाहेर येणारच. तीन दांडे एकामागून एक चालतात म्हणून पाण्याची धार तुटत नाही. नळी कुठे चेपली किंवा तिच्या टोकाचं नोझल बंद पडलं, तर हा पंप थांबत नाही, दाब वाढवत जातो. म्हणून त्यावर एक सुरक्षा झडप बसवलेली असते. ठरलेल्या दाबापुढे ती उघडते आणि पाणी परत टाकीत सोडते. ही झडप खिळ्यानं किंवा तारेनं बांधून ठेवलेली गाडी दिसली, तर तिच्याजवळ उभं राहू नका.

एवढा जोर काढायला ताकद किती लागते? मिनिटाला २०० लिटर पाणी १०० बारवर सोडायचं असेल तर सुमारे ४५ एचपी. आपल्या शेतकऱ्याच्या नऊ मोटारी एकत्र. म्हणून हे यंत्र ट्रकवर असतं आणि त्याला ट्रकचंच किंवा स्वतंत्र डिझेल इंजिन लागतं.

५. नोझल: मागे फेकतं, पुढे पळतं

या साऱ्या यंत्रात मला सगळ्यात सुंदर वाटतो तो नळीच्या टोकाचा पितळी किंवा पोलादी तुकडा. तळहातावर घेतला तर पेरूएवढा, पण हाताला जड. समोरून बघितलं तर मधोमध एक छिद्र असतं किंवा नसतंही. गंमत मागच्या बाजूला आहे. तिथे गोलाकार पाच-सहा बारीक छिद्रं तिरपी पाडलेली असतात, एकेक मोहरीच्या दाण्याएवढं. एवढी महाग गाडी, एवढं मोठं इंजिन, आणि सगळं काम शेवटी या मोहरीएवढ्या छिद्रांवर. त्यातलं एक जरी रेतीनं बुजलं, तरी नोझल पाईपात वाकडं चालू लागतं. म्हणून जाणता ऑपरेटर दर वेळी नोझल उजेडाकडे धरून प्रत्येक छिद्रातून तार घालून बघतो.

छिद्रं मागच्या बाजूला का? दिवाळीचा रॉकेट खालच्या बाजूनं ज्वाळा फेकतो आणि वर जातो. नोझल मागे पाणी फेकतं आणि पुढे जातं. आपल्याच उदाहरणात हिशेब करून बघू. मिनिटाला २०० लिटर म्हणजे सेकंदाला साधारण सव्वातीन किलो पाणी. त्याचा वेग सेकंदाला १४० मीटर. दोन्हींचा गुणाकार करून किलोच्या भाषेत आणला की जवळपास ४८ किलोचा धक्का मिळतो. धारा थोड्या तिरप्या असल्यामुळे त्यातले ४० किलो पुढे ओढायच्या कामी येतात. म्हणजे नोझल त्या साठ-सत्तर मीटर जड नळीला स्वतःच ओढत, चढावर, घाणीतून पुढे घेऊन जातं. कुणाला ढकलावं लागत नाही. पूर्वी बांबूच्या कामट्या एकाला एक बांधून हातानं ढकलायचे. कामटी वळणावर अडायची, मोडायची, आणि तिचा तुकडा आत राहिला की तोच नवा बोळा व्हायचा.

पुढे जाताना नोझल रस्ता करतं, पण खरी सफाई परत येताना होते. नळी हळूहळू मागे गुंडाळली जाते तेव्हा मागे फेकलेल्या धारा पाईपाच्या भिंतीवर तिरप्या आदळतात, चिकटलेला थर खरवडतात आणि सगळा गाळ आपल्यापुढे लोटत आणतात. अंगण झाडताना आपण खराटा आपल्याकडे ओढत येतो, तसंच. घाईनं नळी ओढणारा माणूस नाली ‘मोकळी’ करतो, स्वच्छ करत नाही. पाणी वाहायला लागतं, लोक खूश होतात, आणि पंधरा दिवसांत परत तुंबतं.

६. दाब कापतो, पाणी वाहून नेतं

आजकाल गाड्या धुवायचं छोटं प्रेशर वॉशर अनेकांकडे असतं. त्यावरही ‘१२० बार’ लिहिलेलं असतं. म्हणजे दाब मोठ्या गाडीपेक्षा जास्तच! मग त्याला नालीची नळी लावली की झालं?

स्वयंपाकघराच्या ओट्याखालची पाच-सात मीटरची लाईन असेल तर होतं, आणि छान होतं. पण त्या यंत्रातून मिनिटाला सात लिटर पाणी येतं. वर केलेला हिशेब इथे केला तर नोझलला पुढे ओढणारा जोर दोन किलोसुद्धा भरत नाही. शिवाय सुटलेला गाळ वाहून न्यायला पाणीच नाही. नऊ इंची पाईपात मिनिटाला सात लिटर पाणी म्हणजे तळाशी ओल येईल तेवढं. ते तेलाचा थर कापेल, पण कापलेलं तिथेच पडून राहील.

म्हणून मशीन निवडताना दोन आकडे विचारायचे: बार किती आणि मिनिटाला लिटर किती. चिकट थर कापायचा असेल तर दाब हवा. रेती-माती वाहून न्यायची असेल तर पाणी हवं. आपल्या भागातल्या नाल्यांत काळी माती नि रस्त्यावरची रेती जास्त असते, तिथे दाबापेक्षा पाण्याचं प्रमाण महत्त्वाचं. हॉटेलच्या आणि मंगल कार्यालयाच्या लाईनीत चरबी असते, तिथे उलट.

नळीच्या जाडीचंही असंच. पाणी नळीतून जाताना घासतं आणि दाब वाटेतच खर्ची पडतो. नळीचा व्यास निम्मा केला आणि पाणी तेवढंच ठेवलं, तर हा तोटा सुमारे बत्तीसपट होतो. पंपावरच्या मीटरवर १५० बार दिसत असले तरी बारीक नि लांब नळीच्या टोकाला त्यातले किती पोचले, ते मीटर सांगत नाही.

हेच तंत्र दाब वाढवून कारखान्यांतही वापरतात. नांदगाव पेठच्या एमआयडीसी परिसरात १,३५० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, २७० मेगावॅटचे पाच संच. अशा केंद्रांमध्ये वाफ थंड करणाऱ्या हजारो बारीक नळ्या असतात आणि त्यांच्या आत क्षार बसतात. चहाच्या किटलीत पांढरा थर बसतो, तसा. तो काढायला नाल्यांपेक्षा कितीतरी जास्त दाबाचं पाणी वापरायची पद्धत जगभर आहे. त्याहीपुढे जाऊन, काही हजार बारच्या पाण्यात बारीक कठीण रेती मिसळली तर ते पोलादाचा पत्रा कापतं.

७. खालून वर

आता काम प्रत्यक्ष कसं चालतं ते बघू. दोन चेंबरमधली लाईन तुंबली आहे असं समजा. वरच्या चेंबरमध्ये पाणी काठोकाठ, खालच्या चेंबरमध्ये जवळपास कोरडं. तुंबलेलं या दोहोंच्या मध्ये आहे.

नवख्याला वाटतं, पाणी जिथे भरलंय तिथून नळी घालावी. चूक. नळी घालायची खालच्या, कोरड्या चेंबरमधून आणि पाठवायची वर, पाणी येतं त्या दिशेला. कारण नोझल गाळ मागे ओढतं आणि आपल्याला तो उताराच्या दिशेनंच यायला हवा आहे. शिवाय बोळा फुटला की वर साठलेलं सगळं पाणी त्याच वाटेनं धावत खाली येतं आणि फुकटात लाईन धुतं. खालच्या चेंबरवर सक्शन टँकरची जाड नळी सोडलेली असते. तो आलेला गाळ तिथल्या तिथे ओढून घेतो. हे केलं नाही, तर एका गल्लीचा गाळ पुढच्या गल्लीला भेट जातो.

नोझल पाईपात हातभर आत गेल्याशिवाय दाब सुरू करायचा नाही, हा पहिला नियम. मोकळ्या हवेत सुटलेली ती नळी चवताळलेल्या नागासारखी फणा काढते. नोझलच्या मागे एक सरळ लोखंडी नळीचा तुकडा जोडतात, तो पाईपाच्या व्यासापेक्षा लांब असतो, म्हणजे नोझलला आतल्या आत उलटं फिरून परत यायला जागा उरत नाही. आणि नळीवर, टोकापासून दोन-तीन मीटरवर, रंगीत पट्टी गुंडाळलेली असते. परत येताना ती पट्टी चेंबरच्या तोंडाशी दिसली की दाब बंद.

काम सुरू असताना चेंबरच्या काठाशी कान दिला तर खालून घरघर ऐकू येते. नळी हाताला थरथरते. मध्येच ती थबकते, थरथर वाढते: नोझल बोळ्याला जाऊन भिडलंय. ऑपरेटर नळी फूटभर मागे घेतो, परत सोडतो, परत मागे. पाचव्या-सहाव्या खेपेला घरघर एकदम बदलते, खोल होते, आणि खालच्या चेंबरमध्ये शाईसारखं काळं पाणी उसळतं. मग हळूहळू करडं होतं, मग गढूळ. पाणी गढूळावर आलं, की लाईन उघडली.

एक घरगुती सूचना. रस्त्यावर जेटिंग चालू असताना संडासाचं झाकण बंद ठेवा आणि बाथरूमच्या जाळीवर ओलं पोतं टाका. मुख्य लाईनीतून नोझल तुमच्या घराच्या जोडणीजवळून जाताना हवेचा दाब कमी-जास्त होतो. व्हेंट पाईप नसेल तर कधी पाणी वर उडतं, तर कधी जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं आणि नंतर घरभर वास सुटतो. वास आला तर घाबरायचं कारण नाही. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, ट्रॅप भरला की वास थांबतो.

८. एवढं पाणी आणायचं कुठून?

अमरावती शहराला पाणी येतं ते मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून, अकोल्याला महानच्या काटेपूर्णेतून. अकोल्यात उन्हाळ्यात नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते अकोलेकरांना सांगायला नको. मग नाली धुवायला पाणी वापरायचं, हे कुणाच्या पचनी पडेल?

मिनिटाला २०० लिटर, ४० मिनिटं. झाले ८,००० लिटर. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. त्या हिशेबानं एका गल्लीची नाली धुण्यात जवळपास १४५ माणसांचं एका दिवसाचं पाणी गेलं. ही तक्रार मला खरी वाटते.

यावर उपाय निघालेला आहे. काही मोठ्या गाड्या सक्शननं ओढलेलं घाण पाणी गाडीतच गाळतात, गाळ वेगळा करतात आणि तेच पाणी परत पंपाला देतात. महाग आहेत, कारण रेतीचा बारीक कणसुद्धा प्लंजर नि छिद्रं खाऊन टाकतो आणि गाळणी फार चांगली लागते. लहान गावांना सोपा मार्ग म्हणजे पिण्याचं पाणी न वापरणं. वापरात नसलेल्या विहिरीचं किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून निघालेलं पाणी चालतं, फक्त गाळून घ्यावं. खारपाण पट्ट्यातलं खारं पाणीही चालेल, मात्र काम झाल्यावर पंप गोड्या पाण्यानं धुतला नाही तर लोखंड गंजतं.

९. जिथे जेट हरतं

आपल्या काळ्या मातीचा एक स्वभाव आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात. चैत्र-वैशाखात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा आपण पाहतो. जमिनीखालचे पाईपही याच मातीत पडलेले असतात. दरवर्षी त्यांना वर उचलून परत खाली ठेवल्यासारखं होतं. पाईप टिकतो, सांधा सुटतो. सुटलेल्या सांध्यातून माती आत येते, आणि ओल शोधत पिंपळ-वडाची मुळं येतात. सुरुवातीला केसाएवढी, दोन वर्षांत शेपटीच्या झुपक्यासारखी.

मुळं कापायला फिरत्या साखळीचं नोझल असतं. पाण्याच्याच जोरावर ती साखळी गरगर फिरते आणि मुळं छाटते. पण सांधा उघडाच राहिला, तर मूळ परत येणार. आणि जिथे पाईप खचलाय, फुटलाय, तिथे जेट उलट नुकसान करतं. दाबाचं पाणी फुटलेल्या जागेतून बाहेरची माती धुऊन काढतं, पोकळी तयार होते, आणि काही आठवड्यांनी वरचा रस्ता खचतो. एकाच जागी वर्षातून तिसऱ्यांदा तुंबत असेल तर चौथ्यांदा गाडी बोलवू नका. आधी कॅमेरा आत घालून बघा किंवा खणून बघा. बांधकामाचं सिमेंटचं पाणी नालीत सोडलं असेल आणि ते आत घट्ट झालं असेल, तिथेही जेटचं सहसा काही चालत नाही.

१०. माणूस वरच राहिला पाहिजे

हे तंत्र मला महत्त्वाचं वाटतं ते वेळ वाचतो म्हणून नव्हे.

बंद चेंबरमध्ये गाळ सडतो तेव्हा हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसून राहतो. अगदी थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं, दहा लाखांत शंभराच्या पुढे गेलं, की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. उतरणाऱ्याला वाटतं, वायू गेला. सातशे-हजारच्या घरात काही श्वासांत माणूस कोसळतो. आणि वायू गाळाखाली कोंडलेला असतो. गाळ हलवला की एकदम सुटतो. वरून जळती काडी टाकून ‘चेक’ करायची पद्धत तर आणखी जीवघेणी, कारण तिथे मिथेनही असतो आणि तो पेट घेतो. एक माणूस पडला म्हणून दुसरा काढायला उतरतो, मग तिसरा. बातमीत म्हणूनच अनेकदा एका चेंबरमध्ये दोन-तीन नावं असतात.

या खड्ड्यांत पिढ्यान्पिढ्या कोणाला उतरवलं गेलं, हे आपल्याला ठाऊक आहे. ठरावीक जातींच्या माणसांना. हे काम त्यांच्या नशिबाला नव्हतं, ते समाजानं त्यांच्यावर लादलं. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये गटारातल्या मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. सेप्टिक टँक किंवा गटार उपसायचं असेल तर १४४२० हा मदत क्रमांक आहे. घरमालकानं ‘दोनशे रुपये जास्त घे, पण उतर’ म्हणणं हाही त्याच गुन्ह्याचा भाग आहे.

वऱ्हाडात ही गोष्ट लिहिताना गाडगेबाबा आठवतातच. १८७६ साली जन्मलेले, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ते नि नाल्या साफ करायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. लोकांनी ज्या कामाला हलकं मानलं, ते त्यांनी स्वतःच्या हातानं केलं. पण ती नाली उघडी होती, डोक्यावर आकाश होतं. बंद चेंबरला आकाश नसतं. तिथे खराट्याची जागा नोझलनं घेतली पाहिजे आणि माणसानं काठावर उभं राहिलं पाहिजे.

काठावरही सावध राहावं लागतं. या धारेखाली हात आला तर ती कातडीत शिरते. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, पण आत नालीतलं पाणी नि जंतू खोल गेलेले असतात. अशी जखम झाली तर हळद लावून घरी बसायचं नाही, त्याच तासाला दवाखान्यात जायचं आणि ‘प्रेशरच्या पाण्यानं झाली’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. ऑपरेटरला गमबूट, जाड हातमोजे, चष्मा मिळालेत की नाही, हे गाडी बोलावणाऱ्यानं बघायला हवं.

११. गाडी गेल्यावर

काम झालं, पावती फाडली, गाडी गेली. नाली खरंच साफ झाली का, हे घड्याळ नि बादली घेऊन तुम्हालाच बघता येतं. वरच्या चेंबरमध्ये आधी दोन-तीन बादल्या पाणी सलग ओता, म्हणजे धार लागेल. मग मूठभर कुटार टाका आणि पाणी ओतत राहा. खालच्या चेंबरवर दुसऱ्याला उभं करा. दोन चेंबरमध्ये तीस मीटर अंतर असेल, आणि पाणी सेकंदाला ६० सेंटिमीटर वेगानं वाहत असेल, तर कुटार पन्नास सेकंदांत खाली दिसायला हवं. मिनिटभरात आलं तरी चांगलं. तीन-चार मिनिटं लागली, किंवा कुटार थोडं-थोडं, तुकड्या-तुकड्यांनी आलं, तर मध्ये कुठेतरी पाणी अजून थांबतं आहे. गाडी वळणावर गेली नसेल तर हाक मारून परत बोलवा.